चेकची मागची बाजू

ताई, तुमची मुलगी अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉमिक्सच करायचं म्हणते, आणि पहिलंच काम आलंय. प्रकाशक पानामागे ठरावीक पैसे देतोय, पण पत्रात ‘सर्व हक्क प्रकाशकाचे’ असं लिहिलंय. तुम्ही विचारताय की सही करू द्यावी का, आणि अमेरिकेत तरी या चित्रकारांचं पोट भरलं का. मी तीस वर्षं पुस्तकांसाठी चित्रं काढतोय आणि या अमेरिकन मंडळींची आयुष्यं वाचण्याचं वेड त्याहून जुनं आहे. पोट भरतं. पण कोणाचं भरलं आणि कोणाचं नाही, ते हातातल्या कसबावर ठरलेलं मला फारसं दिसलं नाही. बहुतेक वेळा ते सहीवर ठरलं.

१९१७ साली न्यू यॉर्कमध्ये दोन मुलं जन्मली. मार्चमध्ये ब्रुकलिनला विल आयझनर आणि ऑगस्टमध्ये लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीत जेकब कर्ट्झबर्ग, म्हणजे पुढचा जॅक कर्बी. दोघंही युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. एकाच्या वडिलांनी नाटकांचे पडदे रंगवलेले, दुसऱ्याचे वडील कपड्यांच्या कारखान्यात. महामंदीत दोन्ही घरांत पैशांची ओढाताण. तीसच्या दशकाच्या शेवटी कर्बीनं काही काळ आयझनरच्याच स्टुडिओत काम केलं. इतकं सगळं सारखं असून पुढे वाटा फुटल्या.

१९४० मध्ये आयझनरनं वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवणीसाठी ‘द स्पिरिट’ सुरू केलं. तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता, तरी अडून बसला आणि या पात्रावरचा आपला हक्क करारात घालून घेतला. १९५२ ला पुरवणी बंद पडली. त्याच सुमारापासून त्यानं अमेरिकन सैन्यासाठी यंत्रांची देखभाल शिकवणारी सचित्र पत्रिका वर्षानुवर्षं काढली. या कामाचा कुठे गाजावाजा नव्हता, पण घर नीट चाललं. सत्तरच्या दशकात ‘स्पिरिट’ पुन्हा छापलं जाऊ लागलं तेव्हा ते त्याचंच होतं. १९७८ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यानं ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ काढलं आणि कॉमिक्सकडे साहित्य म्हणून बघायला लावलं.

कर्बीची गोष्ट मला जास्त जवळची आहे. जो सायमन या जोडीदाराबरोबर त्यानं कॅप्टन अमेरिका उभा केला. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा मारतोय, आणि तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. नंतर कर्बी स्वतः सैनिक म्हणून फ्रान्समध्ये लढला, थंडीनं त्याचे पाय जवळजवळ गेलेच होते. १९६१ पासून मार्व्हल कंपनीत लेखक-संपादक स्टॅन लीबरोबर फॅन्टॅस्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन. या कामाची पद्धत तुमच्या मुलीला नक्की सांगा. आधी नुसत्या गोष्टीवर बोलणं व्हायचं. मग कर्बी लाँग आयलंडच्या घरी तळघरात बसून रात्री-रात्री पेन्सिलनं पानं काढायचा आणि कुठे काय घडतंय ते समासात लिहायचा. संवाद ली नंतर भरायचा. १९६६ मध्ये एका कथेच्या पानांत लीला एक चंदेरी माणूस फळीवर उभा राहून अंतराळात घसरताना दिसला, ज्याच्याबद्दल बोलणंच झालं नव्हतं. तोच सिल्व्हर सर्फर. आता असा माणूस नुसता ‘चित्रं काढणारा’ कसा?

पण पैसे पानामागेच. आणि चेकच्या मागे मजकूर छापलेला असायचा की या कामाचे सगळे हक्क कंपनीला दिले. चेक वटवायचा तर मागे सही करावीच लागते. घरी चार मुलं. तो सही करायचा.

सुपरमॅनचाही असाच एक चेक आहे. १ मार्च १९३८ ची तारीख, रक्कम ४१२ डॉलर, आणि त्यातले १३० सुपरमॅनचे: तेरा पानं, पानाला दहा डॉलर. सुपरमॅनचे निर्माते सीगल आणि शुस्टर, ही दोन्ही नावं चेकवर चुकीच्या स्पेलिंगनं लिहिलेली. २०१२ मध्ये लिलावात तो कागद १ लाख ६० हजार डॉलरला गेला. शुस्टरची मात्र उतारवयात दृष्टी अधू झाली होती आणि हातात पैसा नव्हता. १९७५ मध्ये नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी त्यांच्यासाठी जाहीर आवाज उठवला, तेव्हा कुठे दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर मिळू लागले आणि निर्माते म्हणून नाव परत आलं. नील ॲडम्सबद्दल मला आदर वाटतो तो चित्रांइतकाच या भांडणासाठी.

कर्बीचं भांडण मूळ पानांचं होतं. ऐंशीच्या दशकात मार्व्हल जुनी पानं चित्रकारांना परत देत होती. इतरांना एका पानाचा कागद सही करायला दिला, कर्बीला चार पानांचा. तो अडला. १९८७ मध्ये मिळाली ती दोन हजारांच्या आसपास पानं, काढलेली होती दहा हजारांवर. तोवर त्याला आधार दिला ॲनिमेशननं. तिथे पगार बरा होता आणि आरोग्य विमाही. १९९४ मध्ये तो गेला आणि २०१४ मध्ये त्याच्या मुलांशी कंपनीनं तडजोड केली.

हे मला इतकं लागतं, कारण माझीही सेहेचाळीस रंगीत चित्रं अशीच गेली. मुलांची पुस्तकं होती. चार वर्षांनी मूळ चित्रं मागायला गेलो तर कळलं, गोदाम हलवताना ती रद्दीत गेली. त्यातल्या एका कोंबडीचा पाय मी तीनदा पांढरा लावून पुन्हा काढला होता, तो जाड झालेला कागद अजून बोटांना आठवतो.

आपण इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे मूळचा अमेरिकन ‘फँटम’, मराठीत वाचून वाढलो. साठच्या दशकापासून तीसेक वर्षं तो काढणाऱ्या साय बॅरीचं नाव माझ्या वर्गात एकालाही माहीत नव्हतं.

तेव्हा मुलीला काम जरूर घेऊ द्या, पहिलं काम सोडू नये. पण सही करण्याआधी पत्रात चार गोष्टी घालून घ्या. हक्क कशासाठी, म्हणजे याच पुस्तकाच्या मराठी आवृत्तीसाठी की सगळ्यासाठी. किती वर्षांसाठी, आपल्या कायद्यात हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, म्हणून ‘कायमचे’ हा शब्द आहे का ते आधी बघा. मूळ पानं छपाईनंतर परत. आणि नाव मुखपृष्ठावर. चारही मिळणार नाहीत, पहिल्या कामाला दोन मिळाली तरी घ्या. प्रत्येक पान हातावेगळं करण्याआधी स्कॅन करून ठेवायला सांगा. पत्रातलं हक्कांचं कलम जसंच्या तसं इथे टंकलंत, प्रकाशकाचं नाव गाळून, तर कोणता शब्द बदलायला सांगायचा ते मी आजच लिहितो.