ब्रेक दाबल्यावर वेग जातो कुठे?

या वेळच्या पत्रांत घाट, ब्रेक आणि घर्षण यांवरचेच प्रश्न जास्त आहेत. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न (पुणे): स्कूटर 40 ऐवजी 60 ने चालवली तर वेग दीडपट होतो. मग थांबायलाही दीडपटच अंतर लागेल ना?

नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. स्कूटर आणि दोन माणसं मिळून 250 किलो धरा. ताशी 40 किलोमीटरला ऊर्जा साधारण 15,400 ज्यूल, तर 60 ला 34,700. म्हणजे सव्वादोनपट. ती संपवायची घर्षणाने, आणि गाडी जोरात आहे म्हणून रस्ता टायरला जास्त घट्ट धरत नाही.

कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षण गुणांक 0.7 धरला, म्हणजे पकडीचा जोर वजनाच्या 0.7 पट धरला, तर ब्रेक लागल्यापासून 40 ची स्कूटर 9 मीटरमध्ये थांबते, 60 ची 20 मीटरमध्ये. त्याआधी अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा एखादा सेकंद धरा. तेवढ्यात अनुक्रमे 11 आणि 17 मीटर निघून गेलेले असतात. एकूण 20 आणि 37 मीटर. या आकड्यांचा खरा अर्थ असा की, 40 ची स्कूटर जिथे पूर्ण थांबते, त्याच जागी 60 ची स्कूटर अजून ताशी 55 च्या आसपास असते. कारण तिचा ब्रेक लागून जेमतेम साडेतीन मीटर झालेले असतात.

हे अंतरही दोन्ही ब्रेक नीट वापरले तरच. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. नुसता मागचा ब्रेक कचकन दाबला की चाक जाम होऊन घसरतं, आणि घसरत्या टायरची पकड फिरत्या टायरपेक्षा कमी असते.

प्रश्न (खोपोली): घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर इंधन वाचतं, असं बरेच चालक सांगतात. खरं आहे का? आणि मग ब्रेक ‘फेल’ कशाने होतात?

आधी इंधनाचं. हल्लीच्या इंजेक्शन इंजिनात गाडी गियरमध्ये उतारावर चालली असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवण्यापुरतं इंधन जाळतच राहतं. म्हणजे बचत तर नाहीच, वर धोका.

धोका किती, ते पाहा. माणसांसह 1,500 किलोची कार खंडाळ्याच्या घाटातून 500 मीटर खाली उतरली, तर सुमारे साडेत्र्याहत्तर लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ताशी 60 च्या वेगाने धावणाऱ्या याच कारची गतिज ऊर्जा फक्त दोन लाख ज्यूल असते. म्हणजे घाट उतरणं हे 60 वरून 35 वेळा पूर्ण थांबण्याइतकं काम आहे. त्यातलं काही हवा आणि टायर खातात. उरलेलं इंजिनाने घेतलं नाही तर उष्णता बनून डिस्क आणि ड्रममध्येच जातं. सगळी उष्णता 30 किलो बिडात साठली आणि वाऱ्याने जराही थंडावा दिला नाही असं धरलं, तर तापमान 500 अंशांनी चढेल.

मग दोन प्रकारे घात होतो आणि ते पायाला वेगळे जाणवतात. पेडल नेहमीसारखं कडक लागतंय पण गाडी आवरत नाही, तर लायनर किंवा पॅड तापून त्यांचं घर्षण कमी झालेलं असतं. पेडल मऊ पडून खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ झालेली असते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ही मर्यादा 140 अंशांपर्यंत उतरू शकते. दोन वर्षांनी ऑइल बदला हा सल्ला त्यासाठीच असतो. कोकणासारख्या दमट हवेत तो जास्त मनावर घ्यावा.

करायचं काय? ज्या गियरमध्ये तो चढ चढाल, त्याच गियरमध्ये उतरा, आणि तो गियर उतार सुरू होण्याआधीच टाका. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. ठामपणे दाबून वेग कमी करा आणि सोडून द्या. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा, गाडी गियरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते किंवा तडकते. इंजिन बंद करून उतरणं तर सगळ्यात वाईट: पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरमधला निर्वात दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. बिनगियरच्या स्कूटरला इंजिनाची मदत फार थोडी मिळते, म्हणून तिथे वेग मुळातच कमी ठेवणं एवढाच उपाय.

प्रश्न (सातारा): पहिल्याच पावसात गाड्या जास्त का घसरतात?

उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल, धूळ आणि टायरच्या रबराची भुकटी यांचा थोड्या पाण्यात चिखलट थर होतो. जोरदार सरींनी तो धुऊन गेला की पकड बरीच सुधारते, तरी कोरड्या रस्त्याइतकी होत नाही. टायर गोटा झालेला असेल तर पाणी बाजूला सारायला खाचाच उरत नाहीत. कारच्या टायरची खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलायलाच हवा. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, ते नक्षीच्या पातळीला आले की समजावं.

प्रश्न (नाशिक): लोखंडी कपाट हलवायला सुरुवातीलाच एवढा जोर का लागतो?

स्थितिक घर्षण, म्हणजे वस्तू जागेवर असतानाचं, हे गतिक, म्हणजे सरकतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. 80 किलोच्या कपाटाला फरशीवर गुणांक 0.5 असेल, तर हलवायला 40 किलो वजनाइतका जोर लागतो. सरकू लागल्यावर समजा 32. म्हणून मध्ये थांबू नका. पण लोक चुकतात ते ढकलायच्या उंचीत. कपाटाची खोली साधारण 48 सेंटीमीटर असते. समोरून ढकलताना हात जमिनीपासून 48 सेंटीमीटरच्या वर असतील, तर कपाट सरकायच्या आधी कलंडेल. रुंदीच्या बाजूने, म्हणजे कडेला उभं राहून ढकललं तर ही मर्यादा 90 सेंटीमीटरपर्यंत जाते. तेव्हा आधी रिकामं करा, पायांखाली जुनी सतरंजी सरकवा आणि कडेने, कमरेच्या खाली हात लावून ढकला.