गोना-वॉना शिकवताना आधी कान, मग तोंड

इंग्लिशची नवीन बॅच घेताय तर एक सांगते, गोना (गोइंग टू), वॉना (वॉन्ट टू), गॉटा (गॉट टू) ही बोलण्यातली आखूड रूपं लगेच बोलायला लावू नका, आधी नुसतं ऐकून ओळखता येऊ दे. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखाच वेळ देतो आणि इंग्लिशमधे जोर नसलेले शब्द पार गिळले जातात, म्हणून मुलांना पिक्चरमधलं काही कळत नाही, त्यांचा दोष नाही हो. छोटी क्लिप लावा, एकच वाक्य परत परत ऐकवा, पूर्ण रूप वहीत लिहायला सांगा.

गोनाच्या पुढे क्रियापदच येतं, 'आयम गोना ईट' बरोबर, 'आयम गोना पुणे' चूक. 'ही वॉना' पण नको, 'ही वॉन्ट्स टू'च.

आणि कॅन-कॅन्टवर भरपूर वेळ द्या प्लीज, अमेरिकन बोलण्यात शेवटचा ट बऱ्याचदा नीट ऐकूच येत नाही, साध्या वाक्यात कॅनचं 'कन' होतं आणि कॅन्टवर जोर पडतो, तो जोर पकडायला शिकवा नाहीतर होकाराचा नकार समजतात. आयेल्ट्सच्या (परदेशी जायला देतात ती इंग्लिशची परीक्षा) रायटिंगमधे मात्र गोना-वॉना अजिबात लिहू देऊ नका, स्पीकिंगमधे चालतं.