आठवीतला मुलगा प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो, हे बिघडणं आहे का?

ताई, बिघडणं नाही, त्याची विचारशक्ती वाढतेय. तुम्ही लिहिलंय, वडिलांनी केळी लावायची म्हटलं की तो विचारतो, "ऐन काढणीला भाव पडला तर? अर्ध्या रानात कापूस लावला तर?" यातलं 'तर' फार मोलाचं आहे. मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मते साधारण 11-12 व्या वर्षापासून मूल समोर नसलेल्या शक्यतांचाही तर्काने विचार करू लागतं.

घरी करून बघा. दोरीला दगड बांधून टांगा आणि विचारा, एक झोका कमी वेळात पूर्ण कशाने होईल: दोरीच्या लांबीने, दगडाच्या वजनाने की धक्क्याच्या जोराने? लहान मूल सगळंच एकदम बदलतं. कुमारवयातली बरीच मुलं एकच गोष्ट बदलतात, बाकीच्या तशाच ठेवतात आणि लांबीवर येऊन पोचतात. सगळीच नाही हं. शिक्षणाने, सरावाने खूप फरक पडतो.

मग हाच हुशार पोरगा मित्रांसोबत तिघं एका मोटरसायकलवर तापीच्या पुलावरून सुसाट का जातो? कारण आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पार पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. शांत बसून विचार करताना पंधरा-सोळाव्या वर्षी तो मोठ्यांच्या तोडीचा तर्क करेल, पण मित्र बघत असले की भान सुटतं. म्हणून गाडीची चावी देऊ नका, शेताच्या हिशेबाची वही मात्र जरूर द्या. खत, मजुरी, गाडीभाडं त्यालाच मांडू द्या. आकडा चुकला तर कुठे चुकला, तेही त्यालाच शोधू द्या.