जर्मनीत पीएचडीसाठी २.५ ग्रेड मागतायत आणि माझा एमएस्सीचा सीजीपीए ७.८ आहे, मी बसतो का?

अहो बसता की! २.५ वाचून गोंधळ होतोच, कारण तिकडे आकडा उलटा चालतो, १.० म्हणजे सगळ्यात भारी, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. त्यामुळे तुमचा आकडा २.५ किंवा त्याहून कमी यायला हवा.

तो काढायला बहुतेक ठिकाणी बव्हेरियन फॉर्म्युला वापरतात. १० मधून ७.८ गेले, राहिले २.२. १० मधून पासिंगचा ग्रेड वजा करायचा, तो ४ असेल तर ६. आता २.२ भागिले ६, गुणिले ३, त्यात १ मिळवा, झाले २.१. त्यांच्या भाषेत हे 'गुट', म्हणजे चांगलं.

पण खरी मेख त्या पासिंगच्या ग्रेडमध्ये आहे आणि तिकडे कोणी बघतच नाही! माझा सीजीपीए ७.४ होता. पासिंग ४ धरलं तर २.३ येतात आणि ५ धरलं तर २.५६, म्हणजे आत की बाहेर हे त्या एका आकड्यावर ठरणार होतं. मी घाईघाईत ट्रान्सक्रिप्टची पुढचीच बाजू स्कॅन करून पाठवली, ग्रेडचा तक्ता मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला, तिकडून मेल आला की तुमच्याकडे किमान पासिंग किती ते कळवा. मग परीक्षा विभागात खेटे घालून शिक्क्यासकट पत्र आणलं, बारा दिवस गेले त्यात, डेडलाईन डोक्यावर आणि रात्री झोप नाही. तुम्ही ते पत्र आजच मागून ठेवा, खरंच सांगतो.

सीव्हीत स्वतः कन्व्हर्ट करून २.१ लिहू नका, ७.८/१० असंच लिहा, कन्व्हर्जन ते त्यांच्या पद्धतीने करतात. आणि एका देशाचा हिशोब दुसरीकडे लावू नका, इंग्लंडमध्ये ७० टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळतो, तिथे आपल्यासारखे नव्वद-पंच्याण्णव कोणी धरून चालत नाही.

शिवाय ग्रेड म्हणजे नुसतं दार उघडण्यापुरता. जर्मनीत बऱ्याचदा आधी प्रोफेसर शोधावा लागतो, आणि तो बघतो तुमचा मास्टर्सचा थिसिस. पहिल्या मेलमध्ये थिसिसमध्ये नेमकं काय केलंत ते चार ओळीत लिहा, आणि ट्रान्सक्रिप्ट दोन्ही बाजूंनी स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये जोडा.