पपईच्या तीन फोडी आणि धारोष्ण दूध

पपई खाल्ली म्हणून धास्तावलेल्या बायका माझ्याकडे नेहमी येतात. शीतल त्यांतलीच एक. नाव बदललंय, बाकी हकीकत खरी. वय बावीस, पहिलटकरीण, पाचवा महिना सरत आलेला. हातकणंगले तालुक्यातलं गाव, नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर, दारात दोन म्हशी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते, त्या गर्दीत ती सासूबरोबर आली होती. डॉक्टरांनी तपासून आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे धाडलं. केसपेपरवर हिमोग्लोबिन ८.९. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की अॅनिमिया धरतात, म्हणजे काळजी करण्यासारखा आकडा होता.

शीतलला त्या आकड्याचं काही नव्हतं. सासूबाई औषधांच्या खिडकीकडे गेल्या तशी ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "मॅडम, माहेरी पपई खाल्ली. तीन फोडी. अर्धीकच्चीच होती. आठ दिवस झाले, रात्री डोळा लागत न्हाई. आत्यांना सांगू नका."

पोटात कळ आली होती का, अंगावरून गेलं का, पाणी गेलं का, असं सगळं विचारलं. काहीच नव्हतं. बाळाचे ठोके डॉक्टरांनी नुकतेच ऐकले होते, व्यवस्थित होते. मग तिला सांगितलं ते इथेही सांगते, कारण पपईबद्दल अर्धवट माहिती फार फिरते.

पपईची भीती अगदीच हवेतली नाही. हिरव्या पपईला चीर दिली की पांढरा चीक येतो. त्यात पपेन नावाचं एन्झाइम आणि तशीच आणखी काही द्रव्यं असतात. उंदरांच्या गर्भाशयाचा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात या चिकाने गर्भाशय आकसला, पण पूर्ण पिकलेल्या पपईच्या रसाने काही झालं नाही. फळ पिकत जातं तसा चीक सरत जातो. म्हणून कच्ची आणि अर्धीकच्ची पपई टाळावी, तिची भाजी किंवा कोशिंबीर नको, हे मी स्वतः सगळ्यांना सांगते. पूर्ण पिकलेल्या, केशरी गराच्या पपईत तो चीक जवळजवळ उरत नाही. आणि चुकून खाल्लेल्या तीन फोडींचा परिणाम आठ दिवस दबा धरून बसत नाही. त्रास व्हायचा असता तर त्याच वेळी झाला असता.

तिचा चेहरा जरा सैल झाला. मग खरं कारण बाहेर आलं. थोरल्या जावेचा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला होता, आणि त्याआधी तिने पपई खाल्ली होती असं घरात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणते, कारण अशा वेळी कोणाला तरी आठवतंच की तिने काहीतरी खाल्लं होतं. समजून आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा ते पंधरा अशा आपोआप थांबतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. आईने काय खाल्लं, किती पायऱ्या चढली, याचा तिथे संबंध नसतो. त्या जावेला हे कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

पुढचं माझं नेहमीचं काम: काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सांग. शीतलने सांगितलं ते असं. उठल्यावर चहा आणि दोन खारी. दहाला भाजी-भाकरी, भाकरी अर्धी. मग लाल गोळी, ती चहाबरोबर, "कारण पाण्यासंगं मळमळतंय". दुपारी पुन्हा चहा. रात्री भात-आमटी, आणि झोपताना पेलाभर दूध. केळं सर्दीचं म्हणून बंद, दही थंड, अंडी आणि शेंगदाणे उष्ण, बाजरी उष्ण, वांगं वातुळ. शिवाय शेजारणीने सांगितलेलं की जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि मग सिझर करावं लागतं.

पपई हा इथे सगळ्यात छोटा प्रश्न होता.

आधी चहा. चहातलं कॅफीन तिच्या बाबतीत फार नव्हतं. १५० मिलीच्या कपात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं, आणि गरोदर बाईने दिवसाचं २०० च्या आत ठेवावं असं बहुतेक डॉक्टर सांगतात. तिचे अर्धे-अर्धे कप त्यात सहज बसत होते. घोळ वेळेचा होता. चहातलं टॅनिन लोहाला पकडून ठेवतं, आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही. म्हणजे ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी ती इमानेइतबारे घेत होती आणि त्यातलं बरंचसं वाया घालवत होती. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, जेवणाच्या आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नाही, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, असं ठरवलं. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्यायची. शौचाला काळं होतं म्हणून घाबरायचं नाही, हेही आठवणीने सांगावं लागतं, कारण त्या भीतीने गोळ्या कपाटात पडून राहतात.

मग दूध. "तापवून घेतेस ना?" मी सहज विचारलं.

"न्हाई ओ. धारेचं. मामा म्हशीखालनं पेला भरून आणतात, ताकद येती म्हणून."

आमच्या कोल्हापूर भागात धारोष्ण दुधाचं कौतुक मोठं. शहरातल्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर उभी करून पिळलेलं दूध पिण्यात लोकांना अभिमान वाटतो, मलाही तो फेस आवडतो. पण गरोदर बाईसाठी हे दूध पपईपेक्षा कितीतरी धोक्याचं. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला आणि लिस्टेरिया हे जंतू येऊ शकतात. जनावर दिसायला धडधाकट असलं तरी येऊ शकतात. आईला साधा ताप वाटावा असं दुखणं, आणि इकडे गर्भपात किंवा वेळेआधी बाळंतपण. उपाय काय, तर तेच दूध, त्याच म्हशीचं, उकळी आणून. ताकद उकळल्याने जात नाही.

सासूबाई परत आल्या. मी त्यांना मावशी म्हणून बसवलं. पपईचा विषय काढलाच नाही. या घरात पपई वर्ज्य आहे तर राहू दे, गर्भाला पपईवाचून काही अडत नाही. उगाच तिथे भांडून मी दुधाची आणि शेंगदाण्याची लढाई हरले असते. मावशींना हिमोग्लोबिनचा आकडा दाखवला आणि विचारलं, बाळंतपणात रक्त गेलं तर हिच्याकडे शिल्लक किती? त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आम्ही तर तिच्या भल्यासाठीच करतो, बाई." ते खरंच होतं. दूध तापवायचं त्यांनी लगेच कबूल केलं. गूळ-शेंगदाणे, उकडलेलं अंडं, मोड आलेली मटकी शिजवून, हेही चाललं. दुसऱ्या तिमाहीपासून रोजच्या जेवणावर ३५० कॅलरी जादा लागतात, म्हणजे साधारण एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध, हे ऐकून त्यांनाच हसू आलं. "एवढंच व्हय?"

अवघड गोष्ट पुढे होती. शीतलच्या हिरड्यांशी काळपट कड दिसत होती. मिश्री लावतेस का, असं विचारलं तर दोघीही सहजपणे हो म्हणाल्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ती पूड. इकडे घरोघरी बायका तिने दात घासतात, दिवसातून दोन-तीनदा तोंडात धरून बसतात, आणि तंबाखू खाता का विचारलं तर मनापासून नाही म्हणतात. हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं, वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळाचा पुरवठा कमी पडतो. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०० ग्रॅमहून थोडी जास्तच हलकी निघाली, आणि वेळेआधी जन्मण्याचं प्रमाणही जास्त होतं. "मला चार झाली की मिश्री लावून," मावशी म्हणाल्या. चारही बाळांची वजनं कोणी घेतली नव्हती. मी वाद घातला नाही; शीतलला टूथपेस्ट आणि मिश्रीची तलफ आली की तोंडात टाकायला बडीशेप, एवढंच ठरवलं.

पावसाळा तोंडावर होता, म्हणून जाताना पाण्याचं बजावलं. आमच्या पट्ट्यात २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती लोकांच्या लक्षात आहे. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ इतरांना काही आठवड्यांत सोडून जाते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गर्भवतीला झाली तर त्यांतल्या २० ते २५ टक्के बायका दगावू शकतात. तरीही पाणीपुरीचं पाणी, गाड्यावरचा बर्फ, बर्फ घातलेला उसाचा रस कोणाच्याही "खाऊ नये" यादीत नसतो. डोहाळे म्हणून नवरा हौसेने घेऊन जातो. पाणी उकळून गार केलेलं, आणि पाणीपुरी खायचीच तर घरी.

बाकीचं थोडक्यात. दारू अजिबात नाही, थोडी चालते असं काही नसतं. कच्चं अंडं आणि अर्धंकच्चं मटण नको. काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, लोह भरपूर असलं तरी व्हिटॅमिन ए फारच जास्त असतं, ते टाळलेलं बरं. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली, मांदेली खुशाल खावी. मोरी, म्हणजे शार्क, पाऱ्यामुळे नको. कोणी दिलेला गर्भाचा काढा डॉक्टरांना न दाखवता घेऊ नये.

डॉक्टरांनी गोळ्या दिवसाला दोन केल्या होत्या. सातव्या महिन्यात शीतलचं हिमोग्लोबिन १०.२ झालं. मिश्री पूर्ण सुटली नव्हती, सकाळची एकदाच राहिली होती, तीही नवऱ्यासमोर नाही. माहेरच्या पपईबद्दल सासूला अजून माहीत नाही.

तुम्हीही चुकून काही खाल्लं असेल आणि पोटात कळा येत असतील, अंगावरून जात असेल, ताप असेल, डोळे किंवा लघवी पिवळी दिसत असेल, किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर आहाराच्या सल्ल्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. १०८ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते, पैसे पडत नाहीत.