नववीतल्या मुलाला सूत्रं पाठ आहेत, तरी विज्ञानातली गणितं आणि समीकरणं चुकतात. घरी अभ्यास कसा घ्यावा?

सूत्रं पाठ आहेत म्हणूनच चुकतात. खोटं वाटेल, पण माझ्यासमोर हे घडलंय.

मीही नववीतच होतो. क्लासच्या सरांनी गृहपाठ दिला: ३६ ग्रॅम पाण्यात किती मोल, आणि त्या पाण्याचं आकारमान किती? पहिलं सोपं. मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक; पाण्याचं रेणुवस्तुमान १८, म्हणजे १८ ग्रॅमचा एक मोल, ३६ चे दोन. दुसऱ्याला दादा धावून आला. तो तेव्हा बारावी सायन्सला, घरातला आइन्स्टाइन. "एक मोल म्हणजे २२.४ लिटर, दोनाचे ४४.८. लिही." मी म्हटलं, अरे, ३६ ग्रॅम पाणी आहे हे. "पुस्तकात दिलंय ना? मग?"

मी उठलो, खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं झाकण आणलं. साडेतीन झाकणं नि वर थोडे थेंब वाटीत ओतले, वाटी त्याच्या पुढ्यात ठेवली. मोरीत दोन हंडे भरून ठेवले होते. "ही वाटी आणि ते दोन हंडे सारखेच म्हणतोस?" टपली बसली. वहीत मी हट्टाने ३६ मिली लिहिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी त्यावर लाल फुली मारून शेजारी ४४.८ लिटर लिहिलं. दादाने ती वही आईला, मामाला, घरी आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवली.

२२.४ लिटर हे वायूंसाठी, तेही शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला. पाठ करताना आकडा राहतो, अट गळते.

आता मी एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. मागच्या हंगामात नव्या पोराने रसाची शुद्धता ११९ काढली आणि रजिस्टरला चढवली. पोल (रसातली साखर) भागिले ब्रिक्स (रसात विरघळलेलं सगळं) गुणिले शंभर हे सूत्र त्याला झोपेतही येतं, पण आकडे उलटे घातले होते. रसात विरघळलेल्या शंभर भागांत साखर एकशे एकोणीस भाग कशी असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तोही कुठल्या तरी दादाने शिकवलेला असणार.

म्हणून मुलाला सूत्र लिहायच्या आधी अंदाज सांगायला लावा. उत्तर वाटीएवढं येणार की हंड्याएवढं? मग खुशाल गुणाकार करू दे. आणि प्रत्येक पायरीला एकक लिहायला लावा, शेवटी चिकटवायला नको. ग्रॅमला ग्रॅम प्रति मोलने भागलं की मोल आपोआप उरतात, सूत्र आठवावंच लागत नाही.

समीकरणांचं म्हणाल, तर तो बहुतेक खालचे बारीक आकडे बदलत असेल. हायड्रोजन नि ऑक्सिजनचं पाणी करताना उजवीकडे ऑक्सिजन कमी पडतो म्हणून एच-टू-ओचं एच-टू-ओ-टू केलं की जुळतं खरं, पण ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. आकडा फक्त रेणूच्या डावीकडे लावायचा: हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, पाण्याचे दोन. बाकी सराव.

हां, पाठांतर अगदीच सोडू नका. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, सूत्र लिहिलं नाही तर बरोबर उत्तरालाही कापतात. आणि मी शिक्षक नाही, तुमच्या मुलाची वही मी पाहिलेली नाही.

दादाची मुलगी यंदा नववीत आहे. शंका ती मला फोन करून विचारते, बापाला नाही. दिवाळीत तो म्हणाला, "त्या प्रश्नात पाणी म्हणजे वाफ असणार." बरं, वाफ. १०० अंशांना एक मोल वाफ साधारण ३०.६ लिटर भरते, दोन मोल ६१ च्या वर. ४४.८ कुठूनही येत नाही, दादा.