पाहुणचार घरचा, प्रवास सगळ्यांचा

प्रश्न : आम्ही गेली सहा वर्षे जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. घरात आम्ही दोघे आणि नऊ वर्षांची मुलगी. येत्या मे महिन्यात माझ्या नवऱ्याचे कॉलेजमधले दोन मित्र सपत्नीक पुण्याहून सोळा दिवसांसाठी येणार आहेत. स्वित्झर्लंड, पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅम मिळून फिरायचे एवढेच ठरले आहे. पुढचे सगळे ‘तुम्ही तिथलेच, तुम्ही ठरवाल तसे’ म्हणून त्यांनी आमच्यावर सोपवले आहे. दोन वर्षांपूर्वी दुसरे एक स्नेही कुटुंब आले होते. तेव्हा रेल्वे आणि हॉटेलांचा खर्च आमच्याच कार्डावर पडला. संकोचामुळे आम्ही मागितला नाही, त्यांनीही विषय काढला नाही आणि आता फोनसुद्धा विरळ झाले आहेत. हे पुन्हा होऊ द्यायचे नाही. नवऱ्याला रजा आठच दिवस मिळेल आणि आलेल्यांपैकी एक जोडपे कडक शाकाहारी आहे. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : सुरुवात पैशांपासून करा, आणि तीही विमानाची तिकिटे निघण्याआधी. मागच्या वेळी जे झाले त्यात त्या कुटुंबाची नियत वाईट होती असे मला वाटत नाही. पुण्याहून निघताना त्यांच्या मनात ‘परत गेल्यावर हिशेब करू’ असेच असेल. तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा ‘त्यांना घ्यायचेच नसतील’ असा त्यांनी अर्थ लावला असेल. आपल्याकडे पाहुण्यापुढे पैशांचा विषय काढणे हलकेपणाचे समजतात. घरच्या जेवणाच्या बाबतीत ते योग्यच आहे, पण परदेशातल्या आठ दिवसांच्या प्रवासाला तो नियम लावला की यजमान मनातल्या मनात कुढत राहतो आणि पाहुण्याला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून दोन्ही जोडप्यांना एकत्र फोन करा आणि नवऱ्याला असे बोलायला सांगा : ‘आमच्या घरी असाल तेवढे दिवस राहणे-जेवणे आमच्याकडे, त्यात कुणी बोलायचे नाही. बाहेर पडलो की टीटीएमएम.’ कॉलेजच्या मित्रांमध्ये ‘तुझे तू, माझे मी’ हा शब्द चालून गेलेला असतो, त्यामुळे त्यात कोणाला अपमान वाटणार नाही. पत्नींच्याही कानावर हे त्याच फोनवर जाऊ द्या. हॉटेलची खोली ज्याची त्याने आपल्या कार्डावर घ्यावी, दुवा तुम्ही पाठवा. एकत्र होणारा खर्च स्प्लिटवाइजसारख्या अ‍ॅपमध्ये त्याच दिवशी, युरोमध्येच नोंदवावा आणि रुपयांचा दर शेवटी एकदाच लावावा. शिवाय प्रत्येक कुटुंबाने दीडशे-दोनशे युरो काढून एक समाईक पाकीट करावे. कॉफी, पाणी, ट्राम, स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाचा एक युरो, असे बारीक खर्च त्यातून गेले की ‘मी देतो, मी देतो’ ही ओढाताण थांबते. पाकीट पाहुण्यांपैकी एकाच्या हाती द्या, तुमच्या हाती नको. आमच्याकडे आलेल्या माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने ते सांभाळले होते; रोज रात्री तो टेबलावर पावत्या मांडून नाणी मोजत बसे. आपणही या प्रवासाचे काही सांभाळतो आहोत याचे त्याला मनापासून समाधान होते.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. मे महिन्यासाठी भेटीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा थांबू नका. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहायचे त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून दिवसांची वाटणी आधी आणि अर्ज नंतर. तुमच्याकडून पाहुण्यांना साधे निमंत्रणपत्र पुरते. जर्मनीत ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ नावाचे एक औपचारिक हमीपत्रही असते. पाहुण्यांचा राहण्या-जेवण्याचा, आजारपणाचा आणि परत पाठवण्याचासुद्धा खर्च सरकारने आपल्याकडून वसूल करावा, अशी कायदेशीर जबाबदारी त्यात यजमान स्वीकारतो. पगारदार मित्रांना त्याची गरज नसते, कारण ते स्वतःच्या बँकेची कागदपत्रे दाखवू शकतात. हौसेने किंवा भिडेने या कागदावर सही करू नका, एवढे मी आग्रहाने सांगेन.

प्रवासाच्या आखणीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण यात माझीच चूक झाली होती. आमच्याकडे पहिल्यांदा माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि तिचा नवरा आले, तेव्हा मी नऊ दिवसांत पाच शहरे बसवली होती. प्रत्येक गाडीची वेळ, फलाट, तिकीट छापून मी फाईल केली होती. सहाव्या दिवशी सकाळी, इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवर गाडीला वेळ होता. तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला आणि हळूच विचारले, ‘आज कुठे गेलो नाही तर चालेल का गं?’ आम्ही वरच्या डोंगराची तिकिटे तशीच सोडली, जवळच ब्रिएन्झला गेलो आणि तळ्याकाठच्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहिलो. तिची आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते आणि त्याबद्दल ती माझ्याशी त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. पाच दिवस मी तिच्यासोबत होते, पण तिला बोलायला जागाच ठेवली नव्हती.

तुमच्या बाबतीत मी अ‍ॅमस्टरडॅम गाळेन. श्टुटगार्टहून पॅरिसला थेट गाडी सव्वातीन तासांच्या आसपास पोहोचवते आणि स्वित्झर्लंडही जवळ आहे. अ‍ॅमस्टरडॅमला मात्र गाडी बदलत जाण्यायेण्यात दोन दिवस जातील. सोळापैकी चार दिवस स्वित्झर्लंड, तीन पॅरिस आणि बाकीचे तुमच्या घरी, अशी वाटणी केली तर नवऱ्याची आठ दिवसांची रजाही पुरते आणि व्हिसा जर्मनीकडेच मागणे सरळ होते. घरच्या दिवसांत ट्युबिंगेन, हायडेलबर्ग, बोडनझे तळ्याच्या काठचे मेर्सबुर्ग ही ठिकाणे पाहुण्यांना एकट्याने करता येतात. त्यासाठी डॉइचलांड-तिकीट घ्या. २०२६ च्या जानेवारीपासून ते महिना ६३ युरो आहे आणि प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम सगळ्यांवर चालते, मात्र आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांवर नाही. ते वर्गणी पद्धतीचे असल्याने त्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द करावे लागते, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसेही जातात. पाहुण्यांना एकटे पाठवणे निष्ठुरपणाचे वाटेल, पण चुकत-माकत गाडी पकडून संध्याकाळी घरी येऊन ‘आम्ही गेलो आणि आलो!’ असे सांगणाऱ्या माणसाचा चेहरा पाहा, म्हणजे मी हे का सांगते ते कळेल. तुम्हालाही त्या दिवशी घर आवरायला आणि जरा पाठ टेकायला सवड मिळते.

तारखा ठरवताना मुलीची शाळा विसरू नका. जर्मनीत सहलीसाठी शाळा बुडवण्याची परवानगी सहसा मिळत नाही. तुमच्या राज्यात पेंटेकॉस्टच्या ख्रिस्ती सणाला जोडून शाळांना सुट्टी असते आणि ती ईस्टरप्रमाणे दर वर्षी सरकते. मोठा प्रवास त्याच दिवसांत बसवा. त्या दिवसांत गाड्यांना गर्दी असते, म्हणून जागा आधी राखून ठेवा. रेल्वेचा पास घेणार असाल तर एक बारकावा आहे : युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी युरेल. म्हणजे एकाच डब्यात बसून तुमचा पास वेगळा आणि त्यांचा वेगळा असेल. बारा वर्षांखालील मुलांना मोठ्यांबरोबर इंटररेल विनामूल्य मिळतो. फक्त दोन देशांसाठी मात्र पासपेक्षा पॅरिसची तिकिटे लवकर काढणे आणि स्वित्झर्लंडमध्ये स्विस ट्रॅव्हल पास घेणे मला सोयीचे वाटते.

युंगफ्राउयोखचा आग्रह पाहुणे धरतीलच. ३,४५४ मीटर उंचीवर युरोपातले सर्वांत उंच रेल्वे स्थानक आहे आणि ते पाहण्यासारखेच आहे. पण स्विस ट्रॅव्हल पास फक्त ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो, पुढे सवलतीचे तिकीट काढावे लागते आणि तेही बरेच महाग असते. वर धुके असेल तर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. सकाळी वेबकॅमवर आकाश बघून तिकीट काढा आणि कुणाला रक्तदाबाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर त्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे. ढग असतील तर रिगी डोंगरावर जा : १८७१ मध्ये सुरू झालेली तिथली दातेरी रुळांची रेल्वे पासमध्येच येते.

शाकाहारी जोडप्यासाठी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्या. रात्री मुगाची खिचडी आणि पापड मिळाला की दिवसभराच्या सॅलड-ब्रेडची तक्रार राहत नाही. ‘व्हेज’ म्हणून समोर येणाऱ्या पदार्थांबद्दल त्यांना मोकळेपणाने कल्पना द्या. ग्रुयेर आणि पार्मेजान ही चीजे वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, बऱ्याच गोळ्या-चॉकलेटांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले जिलेटिन असते आणि वितळलेल्या चीजच्या स्विस फोंड्यूमध्ये वाइन असते. काय खायचे ते त्यांचे त्यांनी ठरवावे, पण नंतर कळून त्यांना वाईट वाटण्यापेक्षा आधी सांगितलेले बरे.

प्रश्न : माझे वय ६१. मी सांगलीला असते. माझी बालमैत्रीण नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला मुलाजवळ राहते आणि तिने मला एप्रिलमध्ये तीन आठवड्यांसाठी बोलावले आहे. आम्ही दोघी मिळून बेल्जियमलाही जाणार आहोत. तिच्यावर भार पडू नये म्हणून काय करू? बरोबर हापूसची पेटी आणि घरचे तूप न्यावे असे मनात आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मनातला भाव मला कळतो, पण या दोन्ही वस्तू नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशाच्या सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात तूपही आले. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना तेवढी सूट आहे, आंब्याला नाही. विमानतळावर पेटी काढून घेतली तर डोळ्यांत पाणी येईल. मेतकूट, गोडा मसाला, कुरडया, सांडगी मिरची, भाजणीचे पीठ न्या. पण आधी मैत्रिणीला फोन करून ‘तुझ्याकडे काय संपले आहे?’ असे विचारा.

भार न पडण्याबद्दल सांगायचे तर पैशांचे बोलणे तुम्हीच काढा. घर मुलाचे आणि सुनेचे आहे. दोघेही नोकरी करत असतील तर एकवीस दिवस हा काळ त्यांच्यासाठी मोठा आहे. त्यातले चार-पाच दिवस तुम्ही दोघींनी ब्रुज आणि गेंटला काढा, राहण्याची सोय अर्धी-अर्धी करा. नेदरलँड्समध्ये पुष्कळ दुकाने रोख घेत नाहीत, म्हणून फॉरेक्स कार्ड बरोबर असू द्या, म्हणजे दर वेळी मैत्रिणीला पर्स उघडावी लागणार नाही. एप्रिलमध्ये केऊकेनहोफच्या ट्युलिप बागा खुल्या असतात, त्याची तिकिटे ऑनलाइन काढता येतात. अ‍ॅमस्टरडॅममधले अ‍ॅन फ्रँकचे घर पाहायचे असेल तर तिकिटे फक्त ऑनलाइन मिळतात आणि ती दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या दिवसांसाठी खुली होतात. त्या मंगळवारी ती काढण्याचे काम सांगलीतून तुमच्या घरातल्या एखाद्या तरुणाकडे सोपवा.

२०२५ च्या ऑक्टोबरपासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेत वेळ लागू शकतो. मुलाला विमानतळावर घ्यायला यायचे असेल तर विमान उतरण्याच्या वेळेनंतर निदान दीड तासाने यायला सांगा. औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा. आणि सकाळी सून ऑफिसला निघण्याच्या वेळी स्वयंपाकघरात न शिरता तिला तिचा डबा भरू द्या. ती गेल्यावर दुपारची भाजी-आमटी तुम्ही दोघी मिळून करा.